मदत हवी आहे : हिब्रूत 'फिलिप' कसं लिहायचं?

ठाणेकर_कोरीव : माझं लेझर कोरीवकामाचं छोटं दुकान आहे. शेजारच्या बेने इस्रायली काकूंना इस्रायलमधल्या अश्दोदच्या लेकीसाठी सागवानी पाटी हवी आहे, न सांगता पाठवायची. जावई इंग्लंडचा. पाटीवर घालायची नावं फिलिप, जॉर्ज, माइकल. नेटवरच्या तक्त्यावरून अक्षराला अक्षर लावलं आणि आधी प्लायवर कोरून पाहिलं, नशीब! काकूंचे भाऊ चष्मा पुसत म्हणाले, "हा तर फिलिफ. आणि हा गोर्ग कोण?" त्यांचं हिब्रू प्रार्थनेपुरतं, त्यामुळे चूक सापडली, दुरुस्ती नाही. त्यात हिब्रू उजवीकडून लिहितात आणि सॉफ्टवेअर अक्षरं डावीकडून मांडतंय. सागवानाची फळी एकच आहे हो.

रेहोवोतवाला : मामांनी बरोबर पकडलंय. काफ, मेम, नून, पे, त्सादी ही पाच अक्षरं शब्दाच्या शेवटी रूप बदलतात. तुम्ही शेवटी लांब शेपटीचा पे घातला असणार. तो 'फ' वाचतात. परकं नाव 'प'ने संपलं तर साधाच पे ठेवतात. म्हणजे पे, योद, लामेद, योद, पे. पहिला फ आणि शेवटचा प, अक्षर तेच! 'प' दाखवायला पेच्या आत ठिपका असतो, पण तो एरवी कोणी देत नाही, वाचणारा नाव ओळखून वाचतो.

हिब्रूत 'ज' नाही. गिमेलला गेरेश, म्हणजे वर छोटी तिरकी रेघ, दिली की ज. जॉर्जमध्ये ती दोनदा येते : गिमेल-गेरेश, वाव, रेश, गिमेल-गेरेश. ती धूळ समजून पुसू नका.

माइकलचं आधी विचारून घ्या. इंग्रजी उच्चार हवा तर मेम, योद, योद, कूफ, लामेद. मायकल जॅक्सनचं नाव इथे इस्रायलमध्ये असंच लिहितात. बायबलमधला मिखाएल हवा तर मेम, योद, काफ, अलेफ, लामेद.

रेघोट्या : इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करा, मजकुराचं पाथमध्ये, म्हणजे नुसत्या रेषांच्या आकारात, रूपांतर करा आणि ती फाइल मशीनला द्या. पहिलं अक्षर उजवीकडे आहे ना, तेवढं बघा.

ठाणेकर_कोरीव : दोघांचेही आभार, प्लायवर जमलं. काकूंना माइकलचं विचारलं तर म्हणाल्या, "अरे, त्याला घरात सगळे मिकीच म्हणतात, तेच घाल." मेम, योद, कूफ, योद?

रेहोवोतवाला : हो. कोरा बिनधास्त.