जपानच्या डोंगरी नद्यांत पोहलात का? अनुभव लिहा

जपानमध्ये शाळांची उन्हाळी सुट्टी साधारण २० जुलैच्या सुमारास लागते ती ऑगस्टअखेरपर्यंत. त्सुयुचा, म्हणजे तिथल्या पावसाळ्याचा, पाऊस तोवर बहुतेक उरकलेला असतो. आपल्या मे महिन्यासारख्या नद्या आटलेल्या नसतात; ऐन उकाड्यात पाणी भरपूर आणि नितळ. तोक्यो-ओसाकाचा घामटपणा सोडून जे डोंगरात गेले, त्यांनी लिहा. काठावरून फोटो काढलेल्यांनी नाही, पाण्यात उतरलेल्यांनी!

गुजो हाचिमान, गिफू
आम्ही नागोयाला राहतो, तिथून हे गाव फार लांब नाही. गावाच्या मधोमध योशिदा नदी वाहते, पुढे ती नागारा नदीला मिळते. तिच्यावर शिनबाशी नावाचा पूल आहे, पाण्यापासून सुमारे १२ मीटर उंच, आणि गावातली पोरं त्यावरून धडाधड उड्या मारतात. पण पहिल्याच उन्हाळ्यात थेट पूल नाही. आधी काठचे बुटके खडक, मग उंच खडक, मग पूल. डोह कुठे खोल आहे हे मोठी पोरं धाकट्यांना दाखवतात.

आमचे चिरंजीव पोहोचल्या पोहोचल्या पुलाकडे निघाले. "बाबा, मी मारू?" मी काही बोलायच्या आत एका स्थानिक पोराने त्याला हाताने खाली बोलावलं आणि सगळ्यात बुटक्या खडकावर उभं केलं. मी सांगितलं असतं तर तासभर वाद झाला असता. पूल यंदा राहिलाच, पुढच्या वर्षीसाठी आतापासून हट्ट चालू आहे.

जमलं तर ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, दिवसांत जा. १३ ते १६ ऑगस्ट तिथे रात्रभर नाच चालतो, गेता म्हणजे लाकडी चपलांचा खडखडाट पहाटेपर्यंत. रिंगणात कोणीही शिरावं.

शिमान्तो, शिकोकु बेट
नदी १९६ किलोमीटर लांब, आणि तिच्यावरचे चिंकाबाशी पूल बघण्यासारखे. ठेंगणे, कठडे नसलेले. पूर आला की पूल मुद्दाम पाण्याखाली जातो. कठडेच नाहीत म्हणून वाहून आलेले ओंडके अडकत नाहीत. कोकणातले कॉजवे आठवले. या पुलांखालची सावली पोहायला झकास. जवळच नियोदो नदी आहे, तिचा निळा रंग फोटोत दिसतो खराच तसा आहे. मात्र तिथल्या निकोबुची डोहात उतरायला मनाई आहे, ती देवाची जागा. खाली जाऊन नुसतं पाहून आलो.

थोडक्यात
बुयो! माशीसारखा बारीक किडा, चावला की आठवडाभर खाज. स्वच्छ पाण्याच्या काठीच असतो, सकाळ-संध्याकाळ जास्त. लांब पँट घाला. एवढंच सांगायला आलो.

नागाराच्या काठी
कमरेएवढ्या पाण्यात लांबलचक गळ घेऊन कोणी उभा दिसला तर लांबून जा. ते आयु मासे धरतात. जिवंत आयु दोरीला बांधून सोडायचा, आपल्या हद्दीत दुसरा शिरलेला बघून तिथला आयु त्याच्यावर धावतो आणि गळात अडकतो. आपण मध्ये डुंबलो की सगळा खेळ खलास. शिवाय ही मंडळी रीतसर परवाना विकत घेऊन उभी असतात. एका आजोबांनी मला ओरडायच्या ऐवजी वाकून नमस्कार केला, त्याने जास्त लाज वाटली.

कानागावातून, जरा गंभीर
१४ ऑगस्ट १९९९ ला इथल्या कुरोकुरा नदीतल्या वाळूच्या बेटावर तंबू ठोकलेले १८ जण पुरात वाहून गेले, १३ दगावले. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस असू शकतो. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहायला लागला किंवा धरणाचा भोंगा वाजला, की सामान गोळा करत बसू नका, वर चढा. मुलांना लाइफ जॅकेट घालाच. पाणी ऑगस्टमध्येही गार असतं, चांगल्या पोहणाऱ्याचेही पाय आखडतात.

सासूबाईंसह
सासूबाई सांगलीच्या, लहानपणी कृष्णेत पोहलेल्या. कपड्यांची काळजी त्यांना नव्हती, मला होती. पण इथे नदीवर सगळ्याच बायका पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे कपडे आणि टोपी घालून असतात, त्यामुळे प्रश्न मिटला. अडलं भलतीकडेच. घरमालकीण आजी म्हणाल्या, ओबोनात पाण्यात जायचं नाही, पितर पाय ओढतात. मी भाषांतर करून सांगितलं, मनात म्हटलं आता या हसणार. सासूबाईंनी लगेच मान डोलावली. "बरोबर आहे त्यांचं. विचार, कुठल्या तारखेपासून चालेल?"

१७ तारखेला चहाच्याही आधी त्या तयार होत्या.