'दिल्ली'ला डबडं म्हणणाऱ्यांनी आधी रिव्हर प्लेटची लढाई वाचावी

दर्यावर्दी

परवा इथेच एका सभासदाने लिहिलं की १९४८ मध्ये इंग्रजांनी 'दिल्ली' या युद्धनौकेचं जुनाट डबडं आपल्या गळ्यात मारलं आणि आपण तीस वर्षं त्याला रंग लावत बसलो. खाली भराभर सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते वाचून झोप लागली नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

दिल्ली म्हणजे आधीची इंग्रजांची ॲकिलीस. लिअँडर वर्गातली क्रूझर, म्हणजे मध्यम आकाराची वेगवान युद्धनौका, बर्कनहेडला कॅमेल लेअर्डच्या गोदीत बांधलेली, १९३३ मध्ये सेवेत आलेली. सात हजारांहून थोडं जास्त टनेज, आठ सहा इंची तोफा, ७२,००० अश्वशक्ती, साडेबत्तीस नॉटचा वेग. १९३० च्या लंडन कराराने क्रूझरच्या टनेजवर मर्यादा घातली होती आणि ब्रिटनला राखायचे सागरी मार्ग तर जगभर पसरलेले. म्हणजे हव्यात पुष्कळ बोटी, त्याही लांब पल्ल्याच्या आणि आटोपशीर. लिअँडर वर्ग त्या अडचणीतून जन्मला, आणि माझ्या मते दोन युद्धांच्या मधल्या काळात एवढी नेटकी क्रूझर दुसरी झाली नाही.

१३ डिसेंबर १९३९ ची सकाळ, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ रिव्हर प्लेटचं मुख. समोर जर्मन युद्धनौका ग्राफ श्पे, सहा अकरा इंची तोफा. इकडे तीन क्रूझर, एक्झिटर, एजॅक्स आणि ॲकिलीस. कमोडोर हारवुडने ताफा दोन बाजूंना फोडला, म्हणजे जर्मन तोफांना एकच लक्ष्य धरून बसता येऊ नये. गोळ्यांच्या ठिकऱ्या ॲकिलीसच्या नेमबाजी मनोऱ्यात घुसल्या, चार जण गेले, कप्तान पॅरी जखमी झाला. तरी मारा चालूच. सव्वा-दीड तासात तिने बाराशेच्या वर गोळे टाकले. ग्राफ श्पे माँटेव्हिडिओत शिरली आणि १७ तारखेला तिच्याच कप्तानाने तिला बुडवलं.

ही बोट आपल्या नौदलाची पहिली क्रूझर झाली. तिला डबडं म्हणताना जरा विचार करा.

रोखठोक

तो सभासद मीच, आणि लिहिलेल्यातला एक शब्दही मागे घेत नाही.

पहिली गोष्ट, तुम्ही आठ तोफा मोजताय. आपल्याला मिळाल्या सहा. ५ जानेवारी १९४३ ला पॅसिफिकमधल्या ग्वाडलकॅनालजवळ जपानी बॉम्ब तिच्या मागच्या एक्स टरेटवर, म्हणजे दोन तोफांच्या फिरत्या मनोऱ्यावर पडला, १३ माणसं गेली, आणि नंतर पोर्ट्समथच्या दुरुस्तीत ते टरेटच काढून टाकलं. पंधरा वर्षं वापरलेली, महायुद्धात भाजलेली, एक टरेट कमी असलेली बोट. मी जुनी गाडी घेतानाही यापेक्षा जास्त घासाघीस करतो.

दुसरी, ज्या आराखड्याची तुम्ही आरती ओवाळताय त्याचं वर्मच लपवलंत. लिअँडरमध्ये बॉयलर रूम सगळ्या एकापाठोपाठ आणि इंजिन रूम त्यांच्या मागे. मध्यावर एक टॉर्पेडो बसला की वाफ बंद, बोट उभी. जुलै १९४३ मध्ये पॅसिफिकमधल्या कोलोम्बांगाराच्या लढाईत खुद्द लिअँडरचं तेच झालं. एका टॉर्पेडोत ती उरलेल्या युद्धातून बाद. टरेटवर चिलखत इंचभर. त्याला मी चिलखत म्हणतच नाही.

तिसरी, ग्राफ श्पेला घायाळ केलं ते एक्झिटरच्या आठ इंची गोळ्यांनी. इंधन शुद्ध करण्याची यंत्रणा एक्झिटरने उडवली, म्हणून जर्मनांना घरी जाता येईना. एक्झिटरवर ६१ माणसं मेली. सहा इंचीने फक्त वरवरची मोडतोड केली.

दर्यावर्दी

बॉयलर रूमचा मुद्दा इंग्रजांना माहीत नव्हता काय? म्हणून तर पुढच्या तीन बोटींत बॉयलर आणि इंजिनं दोन वेगळ्या गटांत विभागली, त्यामुळे त्यांना दोन धुराडी आली. पर्थ, सिडनी, होबार्ट. यातल्या दोन कुठे आहेत सांगा. सिडनी नोव्हेंबर १९४१ मध्ये एका जर्मन सशस्त्र व्यापारी जहाजाशी लढताना ६४५ माणसांसह गेली, एकही वाचला नाही. पर्थ सुंदाच्या सामुद्रधुनीत चार टॉर्पेडो खाऊन बुडाली. कोलोम्बांगाराच्या त्याच रात्री अमेरिकेच्या होनोलुलू आणि सेंट लुईसवरही जपानी टॉर्पेडो बसले. त्याही बोटी वाईट म्हणायच्या का?

आणि एक्झिटर मरणाच्या दारात होती तेव्हा ग्राफ श्पेने तिला संपवलं का नाही? कारण या दोन छोट्या बोटी इतक्या जवळ भिडल्या की तिचा कप्तान लांग्सडॉर्फ याला आपल्या मोठ्या तोफा त्यांच्याकडे वळवाव्या लागल्या. एजॅक्सची मागची दोन्ही टरेट त्यात निकामी झाली. एक्झिटर वाचली ती यांच्यामुळे. हे तुमच्या हिशोबात नाही.

इंद्रायणीकाठ

दोघांचंही वाचतोय. पण मला मूळ प्रश्न वेगळा वाटतो. त्या दिवशी ॲकिलीसवर निम्म्याहून जास्त पोरं न्यूझीलंडची होती. लढले ते, मेले ते. फेब्रुवारी १९४० मध्ये ऑकलंडच्या रस्त्यांवर त्यांच्यासाठी अलोट गर्दी लोटली. त्यात आपण छाती कशाला फुगवायची? १९४६ मध्ये मुंबईत 'तलवार' या नौदल तळावरच्या आपल्याच नौसैनिकांनी उठाव केला, त्यांचा धागा कोणी काढत नाही. इंग्रजांच्या लढाईवर मात्र इथे रात्री जागतात.

रोखठोक

इंद्रायणीकाठ, शंभर टक्के. आणि त्याच ॲकिलीसचा कप्तान पॅरी १९४८ मध्ये आपला नौदलप्रमुख म्हणून येतो! बोटही त्यांची, साहेबही त्यांचा. १९५८ मध्ये कटारी येईपर्यंत सगळे प्रमुख इंग्रज. याला स्वातंत्र्य म्हणतात? काही लोकांना साहेबाचं उष्टं अजून गोड लागतं, त्याला इलाज नाही.

स्टोकरचा नातू

रोखठोक, 'उष्टं' हा शब्द जपून वापरा.

माझे आजोबा गुहागरकडचे. दिल्लीवर स्टोकर होते. स्टोकरचं काम काय असतं ते तुम्हाला चिलखताच्या जाडीवरून कळणार नाही. बॉयलरसमोर अंगावरचा घाम वाळून त्याचं मीठ व्हायचं. सुट्टीवर घरी आले की पहिले काही दिवस मोठ्याने बोलायचे, कारण खालच्या आवाजात बोलायची सवयच गेलेली. वाफेचा दाब कानाने ओळखायचे. हे ते कुठे शिकले? दिल्लीवर. त्याआधी आपल्याकडे होतं काय? सतलज, जमना, कृष्णा, कावेरी असे छोटे स्लूप, म्हणजे लहान रक्षक नौका, आणि काही किरकोळ बोटी. बहात्तर हजार अश्वशक्तीचं यंत्रघर चालवायला माणसं तयार झाली ती याच बोटीत. पुढे दुसरी क्रूझर मैसूर आली तेव्हा तिच्या यंत्रघरात दिल्लीवर शिकलेले हात होते, असं आजोबा अभिमानाने सांगत. त्यांनी साहेबाची चाकरी नाही केली. आपल्या देशाची बोट चालवली.

रोखठोक

तुमच्या आजोबांबद्दल मी काही बोललो नाही. उगाच अंगावर ओढून घेऊ नका.

स्टोकरचा नातू

बोललात. 'डबडं' म्हणालात. त्या डबड्यात माणसं होती.

गिरगावकर

भांडून झालं असेल तर मला एक सांगा. एवढी गाजलेली बोट होती तर ती आज आहे कुठे? ३० जून १९७८ ला मुंबईत सेवेतून काढली आणि भंगारात दिली. मैसूरही तशीच गेली. लंडनला थेम्सवर बेलफास्ट क्रूझर अजून उभी आहे. ग्रीकांनी तर पहिल्या महायुद्धाच्याही आधीची ॲव्हेरॉफ जपली. आपल्याला एक बोट जपता येत नाही.

आणि विक्रांत! मी वडिलांचा हात धरून कफ परेडसमोर तिच्यावर चढलोय. उड्डाण डेकवरून मुंबई कशी दिसते ते माझ्या मुलांना कधीच कळणार नाही. १९७१ ला कॉक्स बझारवर हल्ले चढवणारी बोट. सर्वोच्च न्यायालयापर्यंत लोक गेले, आणि शेवटी २०१४ मध्ये दारूखान्यात गॅसकटरने कापली.

मेघा_ऑकलंड

दिल्लीचं पूर्ण गेलं नाही हो. तिचं मागचं वाय टरेट भारताने न्यूझीलंडला भेट दिलं. ऑकलंडमधल्या डेव्हनपोर्टच्या नौदल तळाच्या प्रवेशाशी ते ठेवलंय. आम्ही गेलो तेव्हा तिथे एक वयस्कर गृहस्थ भेटले, त्यांचे वडील ॲकिलीसवर होते. मी भारतातली आहे कळल्यावर म्हणाले, तुम्ही ती एवढी वर्षं चालवलीत, याबद्दल आमच्या घरात कायम आदर आहे. १९६९ मध्ये दिल्ली इथे आली होती तेव्हा त्यांच्या वडिलांनी डेकवर जाऊन आपली जागा शोधली होती म्हणे. इंद्रायणीकाठ, मरणाऱ्यांच्या घरच्यांनाच आपला वाटा परका वाटत नाही, मग आपण कशाला नाकारायचा?

नाखवा

संग्रहालयाचं कौतुक करणाऱ्यांना माझा एक प्रश्न. २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विमानवाहू विराटच्या संग्रहालयासाठी ८५२ कोटी मंजूर केले होते, बोट निवतीच्या समुद्रात ठेवायची म्हणून. त्याच किनाऱ्यावर आमच्या खाडीच्या तोंडाशी गाळ साचलाय, भरतीची वाट बघत होड्या बाहेर ताटकळतात, माझ्या भावाच्या होडीची फळी त्यातच फुटली. अर्ज करून थकलो. जेटीला पैसे नाहीत आणि जुन्या बोटीला ८५२ कोटी?

गिरगावकर

नाखवा, ते ८५२ कोटी कुठे खर्च झाले? विराट अलंगला तोडायला गेली. जेटीही नाही, विराटही नाही. दोघांचं दुखणं एकच आहे, समुद्राकडे पाठ करून बसलेलं राज्य.

नाखवा

दुखणं एक नाही. तुमची आठवण बुडाली, आमची होडी. पण राज्याची पाठ समुद्राकडे आहे, एवढं बरोबर बोललात.

रोखठोक

आणि एकेका बोटीची देखभाल किती महाग असते ते बोला ना. खाऱ्या पाण्यात पोलाद दर वर्षी सडतं. दर काही वर्षांनी गोदीत घ्यावं लागतं, तळ खरवडावा लागतो. बेलफास्टच्या मागे मोठी संस्था उभी आहे. इथे तिकिटाच्या पैशात दिवेही लागले नसते. विक्रांत कापली हे मला आनंदाचं नाही, पण टाळता येण्यासारखं होतं असं म्हणणाऱ्याने हिशोब मांडावा.

गिरगावकर

हिशोब? विशाखापट्टणमला समुद्रकिनाऱ्यावर कुरसुरा पाणबुडी उभी आहे, २००२ पासून. त्यांनी पाण्यात ठेवलीच नाही, सरळ जमिनीवर ओढून घेतली. लोक रांगा लावतात. विक्रांत फार मोठी होती, मान्य, पण दिल्लीसारखी साडेपाचशे फुटांची क्रूझर कोरड्या गोदीत ठेवता आली असती. इच्छा नव्हती एवढंच.

रोखठोक

मुंबईत चालू कोरडी गोदी संग्रहालयासाठी अडकवायची? मग नौदलाच्या लढाऊ बोटी दुरुस्त कुठे करायच्या, चौपाटीवर?

गिरगावकर

तुम्हाला सगळ्यालाच नाही म्हणायचं असेल तर बोलणं खुंटलं.

इंद्रायणीकाठ

मेघाताई, तुमचा अनुभव मनाला भिडला. तरी माझी अढी पूर्ण गेलेली नाही. लढाईचा मान न्यूझीलंडचाच. मात्र डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या वेळी दिल्लीच्या तोफा दीवच्या पोर्तुगीज किल्ल्यावर चालल्या, मैसूर गोव्याजवळच्या अंजदीव बेटाशी होती. तो इतिहास आपला, आणि तो कोणी उष्टा म्हणू शकत नाही. चर्चा त्यावर व्हावी, ॲकिलीसवर नको.

दर्यावर्दी

इंद्रायणीकाठ, दीवच्या तोफा आणि रिव्हर प्लेटच्या तोफा वेगळ्या नव्हत्या. तेच सहा इंची टरेट. बोट एक आहे, तिचं आयुष्य मधून कापून अर्धं तुमचं अर्धं त्यांचं कसं करणार? त्या लढाईवरच्या १९५६ च्या ब्रिटिश चित्रपटात ॲकिलीसचं काम खुद्द दिल्लीने केलं, भारतीय नौसैनिकांसह. एजॅक्स आणि एक्झिटरसाठी मात्र दुसऱ्या बोटी घ्याव्या लागल्या, कारण एजॅक्स १९४९ मध्येच भंगारात गेली होती आणि एक्झिटर १९४२ मध्ये जपान्यांनी बुडवली. त्या लढाईतल्या तिघींपैकी जिवंत राहिली ती आपल्याकडची.

आणि रोखठोक, १९४८ मध्ये तुम्ही काय घेतलं असतं? नवीन क्रूझर बांधून मिळायला वर्षं लागली असती, पैसा नव्हता, फाळणीत नौदल नुकतंच फुटलेलं. त्याच बोटीवर कटारी दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी होते, नंदा फर्स्ट लेफ्टनंट होते. एक पुढे पहिले भारतीय नौदलप्रमुख झाले, दुसरे १९७१ च्या युद्धात नौदलप्रमुख होते. १९५० मध्ये नेहरू इंडोनेशियाला याच बोटीने गेले. हे सगळं सहा तोफांच्या त्या 'डबड्या'वर.

रोखठोक

नंदा आणि कटारींचा मुद्दा मला खोडता येत नाही. माणसं घडवायला बोट उपयोगी पडली, घ्या, लिहून देतो. स्टोकरच्या नातवाला तो शब्द लागला असेल तर त्यांच्या आजोबांसाठी तो मी वापरणार नाही.

पण आराखडा नेटका होता हे मी मरेपर्यंत मानणार नाही. इंचभर पत्र्यामागे माणसं उभी करून अकरा इंची तोफांसमोर पाठवणं याला मी कसब म्हणत नाही. एक्स टरेटमधल्या त्या १३ जणांना विचारा. आणि नेपच्यून विसरलात. तुमच्या याच लाडक्या वर्गातली, त्रिपोलीजवळ सुरुंगांत गेली, साडेसातशेहून जास्त माणसांतून एकच परत आला.

दर्यावर्दी

नेपच्यून चार सुरुंगांवर गेली. चार सुरुंग पचवणारी सात हजार टनांची बोट कोणत्या देशाने बांधली ते सांगा, मी माझा धागा स्वतः बंद करायला लावतो.

स्टोकरचा नातू

रोखठोक, शब्द मागे घेतलात, पोचला. आजोबांचे दिल्लीवरचे दोन-तीन फोटो आहेत, एकात मागच्या टरेटजवळ सगळे स्टोकर ओळीत बसलेत. स्कॅन करून इथे टाकतो. मेघाताई, ते टरेट तेच असेल तर तुमचा फोटोही टाका, रिव्हेटच्या ओळी जुळवून बघू.