आज्जी-आजोबा आणि पोरं मिळून किल्ल्याच्या कल्पना कागदावर कशा काढायच्या?

वडगाव_गल्ली:
यंदा दिवाळीच्या किल्ल्याला माती लावायच्या आधी कल्पना कागदावर काढून घ्यायच्या आहेत. रविवारी दोन तास, मंडळाचा हॉल. 24 जण, निम्मी पोरं (9 ते 14), निम्मे साठीपुढचे. अंगणात जागा 120 × 90 सें.मी. अडचण ठरलेली: मोठे सांगत सुटतात, पोरं गप्प. आणि मोठ्यांपुढे पेन्सिल धरली की "मला चित्र येत नाही बाबा". कसं बसवायचं?

रेषा_टिळकवाडी:
बोलायची सोयच काढून घ्या. जर्मनीच्या बेर्न्ड रोहरबाख यांची 1968 ची 6-3-5 पद्धत आहे: सहा जण, तीन कल्पना, पाच मिनिटं, मग कागद शेजाऱ्याकडे. ती मुळात लिहिण्याची. चित्राला तीन जड जातात, म्हणून फेरीला एकच चित्र, चार मिनिटं. सहा-सहाचे चार गट, एक पोर एक आज्जी असं आलटून पालटून. सहा फेऱ्यांत गटाची 36 चित्रं होतात, अर्ध्या तासात. पुढच्यानं आधीच्या चित्राच्या कल्पनेत भर घालणारं आपलं चित्र त्याच कागदावर शेजारी काढायचं, आधीचं खोडायचं नाही.

खोडरबर आणि टोकदार पेन्सिल आत आणूच नका. जाड मार्करनं बारकावे निघत नाहीत, मग चित्र येतंय की नाही हा प्रश्नच उरत नाही. मार्कर कागदातून फुटतो, खाली रद्दी घाला.

प्रश्न नेमका हवा. "किल्ला कसा असावा?" विचारलंत तर सगळे बुरूज आणि झेंडा काढणार. "शत्रूला दार सापडू नये म्हणून काय कराल?" असं विचारा, किंवा "गडावरचं पाणी कुठे अडवाल?"

मातीकाम_खानापूर:
कागद ठीक, खरं मातीत उतरतंय काय ते त्याच दिवशी बघा. निवडलेलं चित्र 12 × 9 सें.मी.च्या चौकटीत परत काढा, म्हणजे कागदावरचा 1 सें.मी. अंगणात 10. मग तेवढाच मातीचा नमुना, वीस मिनिटांत.

पोरं सरळ उभे कडे काढतात. ओली माती तशी राहत नाही, बसते. आत विटा-दगड रचून वर चिखलात बुडवलेलं पोतं टाकलं तरच कडा टिकतो. नुसती चिकण माती वाळताना आकसून तडकते. तिसरा हिस्सा वाळू आणि थोडा भुसा मिसळा. सारवणाचा हात असलेल्या आज्जीला हे सांगावं लागत नाही. कागदावर गप्प बसवलंत ते बरोबर, इथं त्यांना बोलू द्या की.

अळीव पाच-सहा दिवस आधी पेरा.

वडगाव_गल्ली:
आणि निवड? हात वर केले की सगळे थोरल्या काकांकडे बघतात.

रेषा_टिळकवाडी:
म्हणूनच हात नको. प्रत्येकाला तीन टिकल्या, न बोलता आवडत्या चित्रावर चिकटवायच्या. स्वतःच्या चित्रावर एकही नाही. मोठ्या टिकल्या घ्या, बारीक टिकल्या म्हाताऱ्या बोटांना कागदावरून सुटत नाहीत.