पाच टेस्टर नसतील तर डेस्कटॉप एडिशन बंद करावी का?

बिल्डवाला:
लिनक्स मिंटने २०१७ मध्ये केडीई या डेस्कटॉपची आपली एडिशन १८.३ नंतर बंद करायचं ठरवलं, तेव्हा मी चिडलो होतो. आता तीन वर्षं एका छोट्या डिस्ट्रोची (लिनक्सवर बनवलेल्या तयार सिस्टिमची) केडीई एडिशन सांभाळतोय आणि तो निर्णय पटतो. पॅकेजं बिल्ड करणं सोपं, ते बरंचसं मशीनच करतं. जीव जातो तो आयएसओ, म्हणजे लोक जिच्यावरून इन्स्टॉल करतात ती फाइल, तपासताना. सिक्युअर बूट चालू असताना बूट होतो का, विंडोजच्या शेजारी इन्स्टॉल करताना पार्टिशन शाबूत राहतं का, सस्पेंडमधून उठल्यावर वायफाय येतं का, वेगवेगळ्या स्केलिंगचे दोन मॉनिटर लावले तर काय होतं. यातलं बरंच व्हर्च्युअल मशीनमध्ये कळतच नाही. हे करणारे आम्ही दोघंच. मागच्या वेळी सस्पेंडचा एक वाईट बग लोकांपर्यंत गेला, कारण तसं ग्राफिक्स कार्ड आम्हा दोघांकडेही नव्हतं. निरनिराळं हार्डवेअर असलेले किमान पाच टेस्टर नसतील, तर ‘एडिशन’ म्हणून काही देऊच नये.

रात्रपाळी:
साफ असहमत. टेस्टर येतात ते वापरणाऱ्यांतूनच. फेडोरा या डिस्ट्रोची केडीई आवृत्ती कित्येक वर्षं ‘स्पिन’, म्हणजे दुय्यम आवृत्ती होती, २०२५ मध्ये फेडोरा ४२ पासून ती मुख्य ‘वर्कस्टेशन’च्या बरोबरीची एडिशन झाली. आधीच बंद केली असती तर?

बिल्डवाला:
पण स्पिन असतानाही ती रिलीज-ब्लॉकिंग होती. तिच्यात गंभीर बग निघाला की सगळं फेडोरा रिलीज अडायचं. म्हणजे तपासणारी माणसं आधी होती, दर्जा नंतर मिळाला.

शांतपडदा:
मला दिसत नाही, पडदा वाचून दाखवणाऱ्या ऑर्का स्क्रीन रीडरवर काम करतो. लॉगिनच्या पडद्यावर ऑर्का बोलला नाही तर माझ्यासाठी ते मशीन बंदच. तुमच्या यादीत ही तपासणी नाही, हे मला खटकलं. कुणी न तपासलेल्या एडिशनपेक्षा नसलेली बरी.

रात्रपाळी:
तुमचा मुद्दा मान्य. तरी बंद करण्याआधी ओझं कमी करता येतं. उबुंटूच्या एलटीएस (दीर्घ मुदतीच्या) आवृत्तीला ५ वर्षं अपडेट मिळतात, तिच्या केडीई रूपाला, कुबुंटूला ३, आणि ते आधीच जाहीर असतं. फेडोरा ४० ने प्लाझ्मा ६ (केडीई डेस्कटॉपची नवी आवृत्ती) आणताना केडीईच्या आयएसओमधून एक्स११ या जुन्या डिस्प्ले पद्धतीचं सेशन काढलं. ज्यांना ते हवं होतं त्यांनी ती पॅकेजं वेगळी सांभाळली. एक सेशन गेलं की तपासणी केवढी कमी होते!

बिल्डवाला:
एक्स११ काढायला मी तयार आहे. मुदत कमी करून मात्र रिलीजच्या आधीचे दोन आठवडे हलके होत नाहीत, खरी दमछाक तिथेच होते. ऑर्काची तपासणी यादीत नव्हती ही माझी चूक, आजच घालतो.

रात्रपाळी:
कार्ड कोणतं ते सांगा. माझ्याकडे दोन जुने लॅपटॉप पडून आहेत, पुढच्या बीटाला सस्पेंड मी तपासतो. पाचच्या नियमाला विरोध कायम.