पोस्टग्रेसचा फाईल-पातळीचा बॅकअप: स्क्रिप्ट घरची की साधन तयार?

कपाशी_आणि_कोड

वाद घालायलाच धागा काढतोय. ठिकाण तालुक्याचं गाव, काम जिनिंगचं: काटापावत्या आणि शेतकऱ्यांचे चुकारे. लिनक्स, पोस्टग्रेस १६ (हा डेटाबेस), त्याच्या सगळ्या फाईलींची डेटा डिरेक्टरी २०० जीबी. दिवाळीनंतर कापूस सुरू झाला की सर्व्हर रात्रीही बंद ठेवता येत नाही, म्हणून बॅकअप चालू सर्व्हरचाच घ्यावा लागतो.

माझं मत: पीजी_बॅकअप_स्टार्ट, मग फाईली कॉपी, मग पीजी_बॅकअप_स्टॉप, हा खालच्या पातळीचा रस्ता घरच्या स्क्रिप्टनं करूच नये. पोस्टग्रेससोबत येणारं पीजी_बेसबॅकअप वापरा. कारण स्क्रिप्ट फसते ती नेहमीच्याच जागी.

स्टार्ट ज्या सेशनमध्ये (सर्व्हरशी जोडणीत) दिलं ते स्टॉपपर्यंत जिवंत राहावं लागतं. लोक एका ओळीत पीएसक्यूएलला (पोस्टग्रेसला हुकूम द्यायचं साधन) स्टार्ट देतात, ती ओळ संपते, सेशन तुटतं आणि बॅकअप तिथंच रद्द होतो. मग टार (फाईलींचा गठ्ठा बांधणारी कमांड) आपला दोन तास फाईली गोळा करतो आणि शेवटी स्टॉप म्हणतं की बॅकअप चालूच नाही. ती चूक स्क्रिप्टमध्ये तपासलेली नसते, त्यामुळे टारची फाईल चांगली समजून कपाटात जाते.

दुसरी जागा लेबलची. स्टॉप तीन रकाने परत देतं. दुसऱ्यातला मजकूर बॅकअपच्या मुळाशी बॅकअप_लेबल या नावानं जसाच्या तसा लिहायचा, तिसरा रिकामा नसेल तर टेबलस्पेस_मॅप म्हणून. लेबल नसेल तर पोस्टग्रेस कंट्रोल फाईलमधल्या चेकपॉइंटपासून (इथपर्यंतचे बदल डिस्कवर गेले ही खूण) वॉल, म्हणजे बदलांची नोंदवही, लावायला घेतं. तो कॉपी चालू असतानाचा असू शकतो. सर्व्हर सुरू होतो, कुरकुर करत नाही, आणि आतली पानं जुनी-नवी मिसळलेली असतात.

लोडशेडिंग

मुद्दे बरोबर, निष्कर्ष चूक. २०० जीबी १० एमबीपीएसच्या अपलोडवरून नागपूरला पाठवायचे तर गणित करा: १ लाख ६० हजार सेकंद, म्हणजे साडेचव्वेचाळीस तास. आपल्याकडं एवढा वेळ लाईन आणि लाईट दोन्ही सलग राहतात का? पीजी_बेसबॅकअप मध्येच तुटलं की पुन्हा शून्यापासून. आरसिंकनं (फक्त बदललेलं नेणारी कॉपी कमांड) केलं तर सेशन तुटल्यावर तो बॅकअप बाद होतो हे मान्य, पण पोचलेल्या फाईली पोचलेल्या राहतात. पुन्हा स्टार्ट द्यायचं, आरसिंक फक्त फरक नेतो.

सेशन टिकवणं अवघड नाही. पीएसक्यूएलच्या आतूनच उलटी तिरकी रेघ आणि उद्गारचिन्ह देऊन आरसिंक चालवा. १६ पासून त्या कमांडचा एक्झिट कोड (ती कशी संपली हे सांगणारा आकडा) पीएसक्यूएलच्या व्हेरिएबलमध्ये मिळतो. २४ आला तर मधल्या काळात काही फाईली नाहीशा झाल्या एवढाच अर्थ, ते चालतं. बाकी शून्य नसेल ते सगळं चूक धरा. टार वापरत असाल तर १ म्हणजे वाचताना फाईल बदलली, तेही चालतं. २ चालत नाही. आणि स्टार्टला दुसरा पॅरामीटर ट्रू द्या, नाहीतर ते चेकपॉइंट सावकाश होण्याची वाट बघत बसतं आणि माणसाला वाटतं अटकलं.

बोंडअळी_शोधक

लोडशेडिंग भाऊ, आरसिंकचं अर्धंच सांगून राहिलात तुमी. तो फाईल बदलली का हे आकार आन् वेळ बघून ठरवते. पोस्टग्रेसच्या फाईलचा आकार कित्येकदा बदलतच नाही, आतलं ८ केबीचं पान तेवढं बदलते. कॉपी झाल्यावर त्याच सेकंदात पुन्हा लिहिलं गेलं तं पुढच्या खेपेला आरसिंक ते सोडून देऊ शकते. म्हणून आतला मजकूर ताडणारा चेकसम पर्याय पायजेच. मंग दोन्ही बाजूंनी २०० जीबी डिस्कवरून वाचणं आलं. जुनी डिस्क असली तं रात्र गेली.

आन् सगळ्यात मोठं: जुन्या बॅकअपवरच आरसिंक मारला आन् मधात लाईट गेली तं नवा अर्धवट, जुना बी गेला! लिंक-डेस्ट (न बदललेल्या फाईली जुन्या बॅकअपशी जोडणारा पर्याय) लावून दर वेळेस नवी डिरेक्टरी करा, नाही तं राहू द्या बाप्पा.

पतसंस्था_आयटी

एवढं कशाला? रोज रात्री पीजी_डम्प (फाईली नव्हे, डेटाबेसमधला मजकूर बाहेर काढणारं) घ्या, पेन ड्राईव्हवर टाका.

कपाशी_आणि_कोड

डम्प रात्री ११ चा. दुसऱ्या दिवशी दुपारी ३:४० ला कुणी वेअर (कोणत्या ओळी ही अट) न लावता चुकाऱ्याच्या टेबलावर अपडेट मारला तर सकाळपासूनचे सगळे चुकारे कागदावरून पुन्हा चढवायचे का? बेस बॅकअप आणि सलग वॉल असेल तर रिकव्हरी_टार्गेट_टाईम ३:३९ देऊन तिथंच थांबता येतं. डम्पवर वॉल लावता येत नाही.

पतसंस्था_आयटी

आणि फाईलींचा बॅकअप मेजर आवृत्ती बदलली की चालत नाही, हे कोण सांगणार? आवृत्ती तीच ठेवून ऑपरेटिंग सिस्टीम बदलली तरी घोळ होतो. लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीच्या २.२८ मध्ये अक्षरांचा क्रम बदलला. त्याआधीच्या मशीनवरची डेटा डिरेक्टरी नव्यावर ठेवली की मजकुराचे इंडेक्स गुपचूप बिघडू शकतात. नावानं शोधलेला खातेदार टेबलात असूनही सापडत नाही. मग रीइंडेक्स करत बसा. डम्पमध्ये इंडेक्स नव्यानंच बांधले जातात.

बोंडअळी_शोधक

हे मात्र खरं हाय. आठवड्यातून एक डम्प आपलाही राहते. पण तो जोडीला, बदली नाही.

वीज_गेली_पुन्हा

तुम्ही सगळे बेस बॅकअपवर भांडताय, आणि गावात मार खाते ती आर्काइव्ह_कमांड, भरलेली वॉल फाईल दुसरीकडं जपून ठेवणारी. बहुतेक ठिकाणी ओळ अशी असते: आर्काइव्हमध्ये त्या नावाची फाईल नसेल तर सीपी (कॉपी) कर. आता १६ एमबीची वॉल फाईल निम्मी कॉपी झाली असताना लाईट गेली आणि इन्व्हर्टरनंही मान टाकली. अर्धी फाईल आर्काइव्हमध्ये पडून. सर्व्हर उठला, पुन्हा तीच फाईल द्यायला गेला, तर अट म्हणते नाव आधीच आहे, आणि कमांड नापास. पोस्टग्रेस तीच फाईल परत परत देत राहतं, मागच्या सगळ्या अडकतात, वॉलची डिरेक्टरी पीजी_वॉल फुगत जाते, डिस्क भरते आणि ऐन आवकेत सर्व्हर बंद.

उपाय: आधी तात्पुरत्या नावानं कॉपी, मग सिंक (डिस्कवर पक्कं लिहिणं), मग एमव्ही (खरं नाव देणं). त्या नावाची फाईल आधीच असेल तर सीएमपीनं दोन्ही ताडून बघा. मजकूर तंतोतंत तोच असेल तर शून्य परत करा, वेगळा असेल तरच चूक. आर्काइव्ह त्याच मशीनच्या दुसऱ्या डिस्कवर करा आणि नागपूरला नेणारं काम वेगळं ठेवा. आर्काइव्ह_कमांड सरळ लाईनवर टांगली की फायबर तुटल्याच्या तिसऱ्या दिवशी डिस्क भरलीच समजा. पीजी_स्टॅट_आर्काइव्हरमधला फेल्ड_काउंट रोज सकाळी बघायचा.

आर्काइव्ह_टाईमआऊट (फाईल भरली नसली तरी सोडण्याची मुदत) ५ मिनिटं ठेवलं आणि काम सतत चालू असलं तर दिवसाला २८८ फाईली, साडेचार जीबी. दाबून पाठवा. वेळेआधी सोडलेल्या फाईलीत बरीचशी शून्यंच असतात.

लोडशेडिंग

मान्य. पण मूळ प्रश्न उरतोच, पहिले २०० जीबी जाणार कसे?

कपाशी_आणि_कोड

हार्ड डिस्कवर, माणसाच्या हाती, एसटीनं. यात लाज कसली! पोस्टग्रेस १७ वर गेलात तर त्यानंतर इन्क्रिमेंटल (फक्त फरकाचा) बेसबॅकअप मिळतो, फक्त वॉलचा सारांश ठेवणारं समराइझ_वॉल सेटिंग आधीपासून चालू हवं. त्याचे सारांश मुळात १० दिवसच ठेवले जातात. त्याहून जास्त खंड पडला की पुन्हा पूर्ण बॅकअप आणि पुन्हा एसटी. तिकडं पूर्ण बॅकअप आणि फरक पीजी_कम्बाइनबॅकअपनं जोडायचे.

लोडशेडिंग

१७ वर जाईपर्यंत माझी स्क्रिप्ट चालू राहणार, चेकसम आणि लिंक-डेस्टसकट. पीजी_वॉलमधला मजकूर, पोस्टमास्टर.पीआयडी आणि रेप्लिकेशन स्लॉट वगळतो, रिकाम्या डिरेक्टऱ्या ठेवतो.

पतसंस्था_आयटी

आमच्याकडं विंडोज आहे. लेबलचा मजकूर पॉवरशेलनं फाईलीत वळवला तर चालेल?

वीज_गेली_पुन्हा

नाही. जुनं ५.१ पॉवरशेल बाणाच्या चिन्हानं वळवलेलं यूटीएफ-१६ मध्ये लिहितं, पोस्टग्रेसला ते लेबल वाचता येत नाही. बाइट न बदलता बायनरी पद्धतीनं लिहा. आणि रिस्टोअर करताना चेकपॉइंट सापडत नाही अशी चूक आली, तर तिच्याखालचा 'बॅकअप_लेबल काढून बघा' हा सल्ला बॅकअपवरून रिस्टोअर करणाऱ्यासाठी नाही. त्या वेळी वॉल मिळत नसते. रिस्टोअर_कमांड तपासा आणि रिकव्हरी.सिग्नल ठेवलीय का ते बघा.

तपासणी ५४३३ पोर्टवर, वेगळ्या मशीनवर करा, आणि सुरू करण्याआधी आर्काइव्ह_मोड ऑफ. नाहीतर तो चाचणीचा सर्व्हर नव्या टाईमलाईनच्या (रिस्टोअरनंतर सुरू झालेल्या वेगळ्या इतिहासाच्या) फाईली तुमच्या खऱ्या आर्काइव्हमध्ये ओतेल.