पक्ष तीनदा बदलला, तरी नेता तोच कसा?

प्रश्न: कृष्णाकाठ (मूळ गाव वाळवा तालुका, सध्या पुणे)

नमस्कार. आमच्या भागातील एका नेत्याने गेल्या पंधरा वर्षांत तीन पक्ष बदलले आणि प्रत्येक वेळी ‘मतदारसंघाच्या विकासासाठी’ असे एकच कारण दिले. कारखाना, बँक आणि शिक्षणसंस्था या तिन्ही ठिकाणी त्यांच्याच घरातील माणसे आहेत. पारावर बसलेली मंडळी त्यांना खासगीत वाटेल ते बोलतात, त्यात माझे वडीलही असतात. मात्र मतदानाच्या दिवशी हीच मंडळी सकाळी सात वाजता रांगेत उभी राहून त्यांनाच निवडून देतात. पैसा, जात आणि दहशत ही उत्तरे मी पुष्कळ ऐकली आहेत. स्वार्थ इतका उघड दिसत असताना सत्ता रोजच्या रोज नेमकी कशावर टिकते, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १: जुना सभासद

मी एका कारखान्याच्या शेतकी विभागात सव्वीस वर्षे नोकरी केली. कारखान्याचे नाव लिहीत नाही, कारण नाव बदलले तरी हकीकत बदलत नाही. ‘अमक्याचा ऊस तोडू नका’ असा आदेश मी एवढ्या वर्षांत एकदाही ऐकला नाही. गट ऑफिसला फोन येई तो असा: “त्यांचं जरा पुढच्या पाळीला बघा.” तेवढे पुरत असे.

पुढची पाळी म्हणजे काय, हे ऊस लावणाऱ्यालाच कळते. जुलैत लावलेली आडसाली (दीड वर्षाने तुटणारी) लागण दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबर-जानेवारीत तुटली तर वजन मिळते. ती मार्चवर गेली की तुरा आलेला ऊस आतून पोकळ होतो, टनेज घटते, खोडव्याला (बुडख्यातून फुटणाऱ्या पुढच्या पिकाला) उशीर होतो आणि तोडणी कामगारांची टोळी उन्हाचे कारण सांगून जास्त खुशाली, म्हणजे वरचे पैसे, मागते. शिवाय वाहनाच्या चालकालाही ‘एन्ट्री’ म्हणून पैसे द्यावे लागतात ते वेगळे. दोन एकरांच्या शेतकऱ्याचे वर्षाचे गणित या दोन महिन्यांत बसते किंवा मोडते आणि तक्रार करावी तर कागदावर काहीच सापडत नाही, कारण ऊस शेवटी तुटलेला असतो.

एक गोष्ट मी विसरू शकत नाही. विरोधी पॅनेलच्या उमेदवाराच्या अर्जावर सूचक म्हणून सही केलेल्या एका शेतकऱ्याच्या फडात त्या वर्षी टोळी होळीनंतर पोहोचली. त्याला कोणी धमकावले नाही आणि कोणी बोलावूनही घेतले नाही. पुढच्या वार्षिक सभेत अहवालवाचन चालू असताना हाच गृहस्थ मागच्या रांगेतून आपण होऊन उठला आणि ‘मंजूर, मंजूर’ म्हणून ओरडला. व्यासपीठावरच्या लोकांचे त्याच्याकडे लक्षसुद्धा नव्हते. मी मात्र पाहत होतो आणि त्या पाळ्यांची वही माझ्याच हातात असल्यामुळे मला मान वर करता आली नाही.

नेत्याचा स्वार्थ केवळ पैशात असतो असे आपण समजतो. माझ्या मते त्याचा खरा स्वार्थ, आधी कोण आणि नंतर कोण हे ठरवण्याचा अधिकार हातात ठेवण्यात असतो. पक्ष बदलल्याने ही वही दुसऱ्याच्या हातात जात नाही; उलट वरचे सरकार बदलले की कर्जाची थकहमी (सरकारने घेतलेली हमी) आणि चौकशा लक्षात घेऊन ती वही राखण्यासाठीच पक्ष बदलावा लागतो.

उत्तर २: माणदेशी मास्तर

जुन्या सभासदांचे शेवटचे वाक्य इतिहासाच्या शिक्षकाला ओळखीचे वाटले. शिवाजी महाराजांनी सरदारांना मुलूख तोडून देण्याऐवजी रोख वेतनावर भर दिला होता. १६८९ नंतर मात्र राजाराम महाराज जिंजीला, तिजोरी रिकामी आणि औरंगजेब वतनांचे आमिष दाखवणारा, अशा स्थितीत इकडूनही वतनांच्या आणि सरंजामांच्या सनदा द्याव्या लागल्या. आमच्या म्हसवडचे नागोजी माने मोगलांकडून मराठ्यांकडे आले आणि पुढे पुन्हा मोगलांकडे गेले. १६९७ मध्ये संताजी घोरपडे त्यांच्याच हातून मारले गेले. (त्यामागे मेहुण्याच्या मृत्यूचा सूडही होता, तेव्हा सगळे काही वतनापायी झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल.) वतनदाराचे इमान आधी वतनाशी असे आणि मग छत्रपतीशी किंवा बादशहाशी, एवढेच मला सांगायचे आहे.

पक्षांतरबंदीच्या कायद्याचेही असेच झाले. १९८५ मध्ये तो आला तेव्हा एक तृतीयांश आमदार फुटले तर सूट होती. ती २००३ मध्ये काढली गेली आणि दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची वाट तेवढी राहिली. त्यामुळे किरकोळ फूट महाग झाली आणि घाऊक फूट सोयीची झाली.

उत्तर ३: सचिव, विकास सोसायटी (गावाला पीककर्ज देणारी सहकारी संस्था)

तोडणीच्या वहीबरोबर ठरावाचा कागदही लक्षात घ्यावा. कारखान्यात शेअर्स कितीही असोत, सभासदाला मत एकच असते. जिल्हा बँकेच्या निवडणुकीत सोसायटी गटात मात्र आमच्यासारख्या सोसायटीने ठराव करून पाठवलेला एकच प्रतिनिधी मत देतो. सोसायटीच्या तेरा संचालकांपैकी सात जण आपले असले की अख्ख्या गावाचे मत खिशात येते. म्हणून निवडणुकीच्या आधी महिनोन्‌महिने ‘ठराव गोळा करणे’ चालते आणि ते झाले की हे प्रतिनिधी विरोधकांच्या हाती लागू नयेत म्हणून त्यांना सहलीला नेतात. मतदानाच्या दिवशी ती गाडीतून थेट केंद्रावर उतरतात.

पीककर्ज याच साखळीतून येते आणि त्याची वसुली उसाच्या बिलातून परस्पर होते. त्यामुळे कर्ज देणारा, ऊस नेणारा आणि बिलातून कापून घेणारा हे तिघे एकाच वाड्यात जेवायला बसतात. मयत सभासदाच्या वारसाची नोंद कोणाची आठ दिवसांत होते आणि कोणाची आठ वर्षे रखडते, यावर मी नोकरीत असेपर्यंत अधिक लिहू इच्छित नाही.

उत्तर ४: यवतेश्वर

आपण सर्वांनी मतदाराला फारच बापुडवाणे करून टाकले आहे. साताऱ्यात २०१९ च्या मे महिन्यात निवडून आलेल्या उदयनराजे भोसले यांनी सप्टेंबरमध्ये राजीनामा देऊन पक्ष बदलला आणि ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत याच मतदारांनी त्यांना पाडले. २०२४ मध्ये त्यांनाच पुन्हा निवडूनही दिले. त्याच वर्षी सांगलीत विशाल पाटील अपक्ष म्हणून खासदार झाले. प्रश्नकर्त्यांच्या तालुक्यातले इस्लामपूर आणि शेजारचे शिराळा ज्या हातकणंगले लोकसभा मतदारसंघात आहेत, तेथून राजू शेट्टी उसाच्या दराचे आंदोलन करत २००९ आणि २०१४ मध्ये निवडून आले होते. तेव्हा पाळीची वही लोकसभेला पुरत नाही. ती कारखान्याच्या आणि सोसायटीच्या निवडणुकीतच खरी चालते.

दुसरे असे की, याच पुढाऱ्यांच्या चढाओढीतून कारखाने उभे राहिले आणि टेंभू, ताकारी व म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पाणी दुष्काळी तालुक्यांत चढले. ते श्रेय लाटण्यात स्वार्थ होता, हे मान्य. तरीही पाणी आलेल्या शेतकऱ्याने स्वार्थी माणसाला मत दिले, तर त्याला भोळा म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. १९९८ मध्ये साखर उद्योगाची परवाना पद्धत उठल्यानंतर खासगी कारखाने वाढले. ज्या गावात दोन कारखान्यांच्या टोळ्या येतात, तेथे ‘पुढच्या पाळीला बघा’ हा फोन आता पूर्वीइतका लागू पडत नाही. प्रश्नकर्त्यांच्या गावात किती कारखान्यांच्या टोळ्या येतात?

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. आमच्या गावात दोन कारखान्यांच्या टोळ्या येतात, पण नदीकाठच्या शिवारात एकाच्याच. आमचे रान तिथेच आहे.

सचिव साहेबांचे उत्तर वाचून काल रात्री वडिलांना फोन केला आणि आपल्या सोसायटीचा ठराव यंदा कोणाच्या नावाने झाला, असे विचारले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “माझ्याच.” सहलीला कुठे नेणार आहेत, हे त्यांना अजून सांगितलेले नाही, फक्त स्वेटर बरोबर घ्यायला सांगितले आहे. ऊस जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तुटला.