दुधाचे दात आणि बी-२०४ (सोसायटी ग्रुप, कुडाळ)

बी-२०४ वहिनी: नमस्कार. काल गच्चीवर वाढदिवसात माझ्या लेकीला कुणीतरी "स्टीलवाली" म्हणून हाक मारली, दाढेवर स्टीलची कॅप आहे म्हणून. कोणी ते मला माहीत आहे. पोर ५ वर्षांची आहे, कालपासून हसताना तोंडावर हात धरते.

ए-१०१ आबा: दुधाचे दात पडतलेच. तेंका टोपी कित्याक?

सेक्रेटरी: रविवारी टाकी धुणार. सकाळी ७ च्या आत पाणी भरून ठेवा.

बी-२०४ वहिनी: आबा, पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात. दाढा १०-१२ वर्षांपर्यंत लागतात. कीड दाढेच्या नसेपर्यंत गेली होती, रात्र रात्र रडायची. नस साफ केलेली दाढ ठिसूळ होते, म्हणून कॅप. दाढ पडेल तेव्हा कॅपही पडेल. दाढ आधीच काढली असती तर बाजूचे दात सरकून पक्क्या दाताची जागा गेली असती.

सी-३०२: पांढरी मिळते की.

बी-२०४ वहिनी: मिळते. महाग, शिवाय बसवताना डॉक्टरांना दाढ जास्त घासून लहान करावी लागते.

ए-१०१ आबा: आमच्या वक्ताक मिशरी. एकव दात किडूक नाय.

सी-३०२: म्हणूनच कवळी ग्लासात असते 😄

ए-१०१ आबा: तुझ्या गाडयेचो विषय काढू?

सेक्रेटरी: पार्किंग मीटिंगमध्ये. रविवारी टाकी.

ए-१०१ आबा: पण दुधाचे दात पडतलेच ना.

सी-१०३ ताई: वहिनी, आमचा दीड वर्षाचा बाटली तोंडात धरूनच झोपतो. वरच्या दातांवर पांढरे पट्टे दिसतायत.

बी-२०४ वहिनी: आमचंही तिथूनच सुरू झालं गं. झोपेत लाळ कमी सुटते, दूध दातांवर तसंच राहतं. लगेच दाखव, खड्डा पडायच्या आत थांबवता येतं. फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, ३ वर्षांनंतर वाटाण्याएवढी. आणि ७-८ वर्षांचा होईपर्यंत ब्रश आपणच फिरवायचा. मी तिच्या हातात देऊन मोकळी झाले होते.

ए-१०१ आबा: मी रोज पोरांका आंबापोळी वाटतंय. ती चिकटता काय?

बी-२०४ वहिनी: चिकटते आबा. जेवणाबरोबर द्या, येता-जाता नको.

सी-३०२: वहिनी, मी गमतीत म्हटलं होतं. एवढं ग्रुपवर...

बी-२०४ वहिनी: तिला येऊन सांगा. इथे नको.

सी-१०३ ताई: बाटलीत नुसतं पाणी दिलं तर रडतोय हो.

बी-२०४ वहिनी: दोन-चार रात्री रडेल. दूध रोज थोडं पातळ करत जा.